हौशी मोटरस्पोर्टमध्ये गाड्यांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी मैदानात गाड्या पळवणाऱ्या हौशी मंडळींचे फोटो काढायला निघालेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना महाराष्ट्र-गोव्यातल्या ऑटोक्रॉस, रॅली, ड्रॅग आणि चिखलातल्या ऑफ-रोड स्पर्धा डोळ्यासमोर ठेवल्या आहेत. घाईत असाल तर आधी ५, ६ आणि ११ वाचा. रॅलीला चालला असाल तर १२ वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

१. ऑटोक्रॉस, रॅली, टीएसडी, ड्रॅग... फोटो काढणाऱ्याला यात काय फरक पडतो? सुरुवात कुठून करू?

सुरुवात ऑटोक्रॉसपासून करा. मैदानात माती किंवा डांबरावर कोन ठेवून वळणदार मार्ग आखलेला असतो. गाड्या एकेकट्या सुटतात आणि प्रत्येकीची वेळ मोजली जाते. एकाच गाडीच्या दोन-तीन फेऱ्या होत असल्याने पहिल्या फेरीत चुकलेला फोटो दुसऱ्या फेरीत साधता येतो. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही.

रॅलीत बंद केलेल्या रस्त्यावर, म्हणजे स्टेजवर, गाड्या एक-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. तुमच्यासमोर प्रत्येक गाडी दोन सेकंद असते. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर होते. तिथे धुळीचा प्रश्न वेगळा आहे, तो १३ मध्ये पाहा. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) ही वेगाची स्पर्धाच नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग पाळत, चालू वाहतुकीतून जायचं असतं. गाड्या साध्या वेगाने जातात, त्यामुळे गती दाखवायला शटर १/३० सेकंदापर्यंत खाली आणावं लागतं. आणि घाटात वळणावर गाडी लावून फोटो काढायचे नाहीत, तो रस्ता सगळ्यांचा आहे.

ड्रॅगमध्ये सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. फोटो मिळतो तो सुटण्याच्या क्षणी: टायरचा धूर, मागे बसलेली गाडी, वर उचललेलं नाक. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धेत वेग जवळजवळ नसतोच. तिथे चिखल, विंचची (अडकलेली गाडी ओढायच्या यंत्राची) ताणलेली दोरी आणि माणसांचे चेहरे हाच विषय. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरची फॉर्म्युला भारत, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा, आहेच. तिथे गाडीइतकाच तिच्याखाली आडवा पडलेला विद्यार्थी टिपण्यासारखा असतो.

२. फोटो काढायला परवानगी लागते का?

प्रेक्षकांच्या जागेतून काढायला सहसा नाही. दोरीच्या पलीकडे जायचं असेल तर लागते, आणि ती आयोजक क्लबकडूनच मिळते. स्पर्धेच्या १०-१५ दिवस आधी मेल करा. नाव, रक्तगट, आणीबाणीत कुणाला फोन करायचा त्याचा नंबर आणि आधी काढलेले चार-पाच फोटो जोडा. स्पर्धेच्या सकाळी हमीपत्रावर सही करून जॅकेट घ्यावं लागतं आणि मार्शलप्रमुखांची (मार्शल म्हणजे मार्गावर सुरक्षा सांभाळणारी माणसं) सूचना-बैठक ऐकावी लागते. ती बैठक चुकवू नका. त्या दिवशी कुठली जागा बंद आहे, हे फक्त तिथेच सांगतात. जॅकेट मिळालं म्हणजे कुठेही उभं राहायची मुभा मिळाली, असं समजणारेच सगळ्यात आधी बाहेर काढले जातात.

३. कोणती लेन्स घेऊ? बजेट कमी आहे.

ऑटोक्रॉसला साध्या क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ७०-३०० मिमीची लेन्स पुरते. एफ/२.८ वाली ७०-२०० छान असते (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं), पण उन्हात तुम्ही एफ/८ वरच काम करणार आहात. जास्तीचे पैसे आणि दीड किलो वजन उन्हात कामी येत नाही, ते संध्याकाळी आणि रात्री येतं. रॅलीत जागा रस्त्यापासून लांब मिळाली तर १००-४०० लागते. पॅडॉकसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायच्या जागेसाठी, किटमधली १८-५५ बरी.

कॅमेऱ्याचं नवं मॉडेल घेण्याआधी दुसरी बॅटरी, दुसरं कार्ड आणि हवा मारायचा रबरी फुगा घ्या. कार्ड किमान व्ही३० वेगाचं असावं. हळू कार्डवर रॉमध्ये (मोठ्या, कच्च्या फाइलमध्ये) बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, मारला की कॅमेरा मधेच अडकतो, आणि नेमकी तेव्हाच गाडी फिरते.

४. फक्त मोबाईल आहे. काही जमेल का?

जमेल, पण सकाळी नऊच्या आत किंवा सावलीत. बहुतेक मोबाईलचं ॲपर्चर बदलता येत नाही, हे अडचणीचं मूळ. एफ/१.८ ची लेन्स, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ५० आणि भर ऊन असेल तर योग्य शटर येतं सुमारे १/४०००. पॅनिंगला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायला, हवं १/६०. हा फरक सहा स्टॉपचा आहे (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे एनडी६४ चा, उजेड कमी करणारा क्लिप-ऑन फिल्टर लावल्याशिवाय दुपारी मोबाईलवर पॅनिंग होणार नाही. फिल्टर नसेल तर दुपारी पॅनिंगचा नाद सोडा आणि पॅडॉक, टायर, हेल्मेट, चेहरे टिपा.

प्रो मोडमध्ये जाऊन शटर हाताने ठरवा आणि मुख्य लेन्स वापरा. ज्या जागेवरून गाडी जाणार तिथल्या जमिनीवर बोट दाबून फोकस लॉक करा. डिजिटल झूम नको. एप्रिल-मेमध्ये फोन तापून कॅमेरा बंद करतो, म्हणून फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो खिशात नको, सावलीत ठेवा.

५. शटर स्पीड किती ठेवू? माझ्या फोटोत गाडी पार्क केल्यासारखी दिसते.

कारण चाकं थांबलेली दिसतात. हिशोब करून पाहा. १८५/६५ आर१५ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ६० किमी वेगात ते चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या घेतं, म्हणजे जवळपास ३,०८० अंश. १/१००० शटरला चाक फक्त ३ अंश फिरतं, आरे अगदी स्पष्ट दिसतात आणि गाडी उभी वाटते. १/२५० ला साधारण १२ अंश, १/१२५ ला २५ अंश, १/६० ला ५१ अंश. पाच आऱ्यांच्या रिममध्ये दोन आऱ्यांत ७२ अंशांचं अंतर असतं. म्हणजे १/६० ला चाकाची जवळजवळ चकतीच होते.

बाजूने जाणाऱ्या गाडीला नवख्याने १/२५० पासून सुरुवात करावी. दहापैकी सहा-सात फोटो शार्प यायला लागले की १/१६०, मग १/१२५, मग १/८०. थेट १/३० वर उडी मारून शंभर फोटो फुकट घालवण्यात अर्थ नाही. गाडी तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर पॅनिंगचा उपयोग नसतो. तेव्हा १/५०० ते १/८०० ठेवा, कारण गाडी झपाट्याने मोठी होत असते. मग गती दिसणार कशातून? उडणाऱ्या मातीतून, वळवलेल्या पुढच्या चाकांतून, एका बाजूला कललेल्या बॉडीतून. गाडी हवेत उडते त्या उंचवट्यावर मात्र १/१०००. तिथे चाकं थांबली तरी चालतं, गाडीखालची सावली सगळं सांगते.

ऑटोक्रॉसच्या घट्ट वळणावर वेग ताशी ३० च असतो हे विसरू नका. सरळ पट्ट्यावर जमलेलं १/१२५ तिथे १/६० करावं लागतं.

६. पॅनिंग नेमकं कसं करायचं, पायऱ्यांनी सांगा.

पाय खांद्याइतके फाकवा. पायांची बोटं, जिथे फोटो घ्यायचा आहे, त्या जागेकडे ठेवा. मग फक्त कमरेतून वळून गाडी येते त्या बाजूला बघा. नवखे नेमकं उलटं करतात: येणाऱ्या गाडीकडे पाय ठेवतात आणि शटर दाबायच्या वेळी शरीर पिळवटलेलं असतं. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा हात लेन्सच्या खालून.

गाडी फ्रेममध्ये लवकर घ्या, अगदी लांबून, आणि फोकसचा चौकोन एकाच जागी चिकटवून ठेवा: पुढचा दरवाजा किंवा दरवाजावरचा नंबर. गाडी समोर यायच्या किंचित आधी तीन ते पाच फोटोंचा छोटा बर्स्ट मारा. शटर दाबताना हात थांबतो, आणि बहुतेक फोटो याच कारणाने बिघडतात. बर्स्ट संपल्यावरही गाडीबरोबर फिरत राहा. गोलंदाज चेंडू सोडल्यावर हात थांबवत नाही, तसंच.

लेन्समधल्या स्थिरीकरणाला पॅनिंगसाठी वेगळा मोड असतो. कॅनन आणि सोनीच्या बऱ्याच लेन्सवर तो मोड २ आहे, निकॉनच्या अनेक लेन्स नॉर्मल मोडमध्ये पॅनिंग आपोआप ओळखतात. चुकीच्या मोडवर लेन्स तुमच्या फिरण्यालाच थरथर समजून विरोध करते. शंका आली तर स्थिरीकरण बंद करून दहा फोटो काढा आणि तुलना करा. ट्रायपॉड नको, मोनोपॉड चालेल.

सरावाला स्पर्धेची वाट पाहायची गरज नाही. चौकातल्या फुटपाथवरून रिक्षा आणि दुचाकींवर रोज अर्धा तास पॅनिंग करा. रिक्षाचा वेग ऑटोक्रॉसच्या वळणाएवढाच असतो.

७. गाडीचं तोंड शार्प येतं, मागचा भाग धूसर. लेन्स बिघडली आहे का?

नाही, हे भूमितीचं काम आहे. गाडीचे सगळे भाग तुमच्या डोळ्यासमोरून सारख्या गतीने सरकत नाहीत. ४ मीटरची गाडी ५ मीटरवरून अगदी समोर असेल, तर तिची दोन्ही टोकं मध्यभागापेक्षा सुमारे १४ टक्के हळू सरकतात. तुम्ही ज्या भागाशी जुळवून घेता तोच शार्प येतो. हीच गाडी २० मीटरवरून पाहिली तर फरक उरतो जेमतेम १ टक्का. म्हणजे बरंच मागे जा आणि लांबची लेन्स लावा. गाडी तिरकी येत असताना हा फरक आणखी वाढतो, म्हणून शटर ती बरोबर समोर आल्यावर दाबा.

एक युक्ती आहे. वळणाच्या आतल्या बाजूला, साधारण त्या वर्तुळाच्या केंद्रापाशी उभं राहिलात तर गाडी तुमच्याभोवती फिरते आणि नाकापासून शेपटीपर्यंत सारखी शार्प येते.

खड्ड्यांच्या ट्रॅकवर धूसरपणा उभा असतो. गाडीच वर-खाली उसळत असते, तिथे कितीही सफाईदार फिरलात तरी १/१६० च्या खाली फार हाती लागत नाही.

८. दुपारी १/६० ठेवलं की फोटो पांढराफटक पडतो. काय करू?

भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर शटर साधारण १/१०० ते १/१२५ येतं. १/६० साठी एफ/२२ लागेल आणि १/३० ला बहुतेक लेन्सचं ॲपर्चरच संपतं. शिवाय एफ/१६ च्या पुढे दोन त्रास: फोटोची धार बोथट होते आणि सेन्सरवरची प्रत्येक धूळ आकाशात काळा ठिपका बनून उमटते. उपाय म्हणजे एनडी८ फिल्टर. तो तीन स्टॉप उजेड खातो, म्हणजे १/६० ला एफ/८ वर निवांत काम होतं. फिरवायचा पोलरायझर दीड-दोन स्टॉप खातो आणि वर काचेवरची चमक कमी करून आतला ड्रायव्हर दाखवतो. एकच घ्यायचा तर आम्ही पोलरायझर घ्या म्हणू. फक्त कॅमेरा आडव्याचा उभा केलात की तो पुन्हा फिरवावा लागतो.

९. फोकसची सेटिंग काय ठेवू?

सलग फोकस, म्हणजे कॅननवर एआय सर्वो आणि बाकीच्यांवर एएफ-सी. एकच पॉइंट नको, छोटा गट किंवा झोन निवडा. नव्या मिररलेसमध्ये वाहन ओळखायची सोय असेल तर चालू करा. पण पुढ्यात मार्शल, झेंडा किंवा धूळ आली की ती भरकटते, म्हणून झोन त्यासोबत राहू द्या. फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर दिला तर एक फायदा होतो: धुळीत गाडी हरवली की अंगठा उचलायचा, फोकस होता तिथेच राहतो. जुना, संथ कॅमेरा असेल तर आधीच्या गाडीने जिथे ब्रेक मारला, त्या मातीच्या खुणेवर मॅन्युअल फोकस करून ठेवा आणि पुढची गाडी तिथे यायची वाट पाहा. हौशी ड्रायव्हरची लाइन दर फेरीला हात-दीड हात सरकते, म्हणून तेव्हा एफ/८ च्या खाली जाऊ नका.

१०. चाकं अंडाकृती आणि मागचे खांब तिरपे दिसतायत. हे काय?

इलेक्ट्रॉनिक शटर, ज्याला लोक सायलेंट मोड म्हणतात. त्यात सेन्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात गाडी पुढे सरकते. कॅमेरा स्थिर असेल तर गाडी कलते, पॅन केलं तर मागचे खांब कलतात, आणि दोन्हीत आरे वाकतात. मेकॅनिकल शटर लावा. स्टॅक्ड (झटपट वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरच्या महाग कॅमेऱ्यांत हा दोष फारसा दिसत नाही, बाकी सगळ्यांत दिसतो. आणि शर्यतीत सायलेंट मोडची गरज कुणाला आहे?

११. ऑटोक्रॉसला उभं कुठे राहू?

सकाळी मार्गाची पायी फेरी असते, तेव्हा ड्रायव्हरांबरोबर चाला. तुम्हाला शोधायच्या दोन गोष्टी: गाडी कुठे सगळ्यात जास्त कलते किंवा घसरते, आणि तिच्या मागे काय दिसतं. पहिली जागा बहुधा लांब सरळीनंतरच्या घट्ट वळणावर किंवा स्लॅलमच्या (कोनांमधल्या नागमोडी मार्गाच्या) शेवटच्या कोनाशी सापडते.

दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग घरी येऊन रडतात. ड्रायव्हरच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, निळी फिरती शौचालयं, रांगेत लावलेल्या दुचाकी, वडापावची गाडी. (वडापावचा वेगळा फोटो जरूर काढा, पण गाडीमागे नको.) दोन पावलं डावीकडे सरकून मागे नुसता डोंगर किंवा झाडी येत असेल तर ती दोन पावलं हजारोंच्या लेन्सपेक्षा मोलाची. पुणे-नाशिककडच्या मैदानांत क्षितिजावर कुठलीतरी टेकडी असतेच. ती सापडेपर्यंत कॅमेरा बाहेर काढू नका.

कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणला की मारुती ८०० सुद्धा दांडगी दिसते. पण गुडघा टेकायचा तो मजबूत अडथळ्यामागेच. नुसत्या पट्टीमागे उभंच राहायचं. सूर्य सकाळी पाठीशी घ्या, धूळ जास्त असेल तर मुद्दाम समोर घ्या. उजेडात न्हालेली धूळ सोन्यासारखी दिसते.

एकाच जागी सगळा दिवस काढू नका. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांचा एकेक खात्रीचा फोटो १/५०० वर घ्या, कारण ज्याची गाडी दुसऱ्या फेरीआधी बंद पडली त्याचाही फोटो हवा असतो. नंतर जागा आणि शटर बदलत राहा.

१२. रॅलीच्या स्टेजवर सुरक्षित जागा कशी ओळखायची?

स्वतःला एक प्रश्न विचारा: याच क्षणी गाडीचे ब्रेक गेले किंवा टायर फुटला, तर ती कुठे जाईल? तिथे उभं राहायचं नाही.

वळणाच्या बाहेरची बाजू कायम बाद, मग ती कितीही लांब वाटो. घसरणारी गाडी तिथेच येते. रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर उभं राहू नका. उंचवट्यानंतर गाडी जिथे आदळते ती जागा नको, कारण आदळल्यावर ती कुठल्याही दिशेला उसळते. आतली बाजू बरी, पण रॅलीत ड्रायव्हर वळण कापतात, चाक रस्त्याबाहेरच्या मातीवरून नेतात आणि दगड उडवतात. म्हणून आतल्या बाजूलाही मागे सरकून, बांधावर किंवा उंच दरडीवर उभं राहा. मोकळ्या मैदानात जाड झाड पुढ्यात असलेलं चांगलं. पाठीमागे पळायला वाट हवी. तारेचं कुंपण, विहीर किंवा कडा पाठीशी घेऊ नये.

बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही, कानात हेडफोन नको. गाडी येताना मार्शलची शिट्टी होते. शिट्टी झाल्यावर रस्ता ओलांडला तर संपूर्ण स्टेज रद्द होऊ शकते. आधी रस्ता तपासणाऱ्या ०० आणि ० नंबरच्या गाड्या जातात, त्या गेल्या की रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. शेवटी स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारी आयोजकांची, गाडी जाईपर्यंत स्टेज संपलेली नसते. खूप वेळ गाडी आली नाही म्हणजे संपलं असं नाही. उलट कुणीतरी अडकलंय आणि मागचा आता दुप्पट जोरात येणार आहे.

छोट्या लेन्सवर व्ह्यूफाइंडरमधून गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, हा फोटोग्राफरचा खास धोका. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत रस्त्याला चिकटून उभ्या असलेल्या गर्दीत गाडी घुसली आणि ३ प्रेक्षक गेले. त्या वर्षीच्या अपघातांनंतर ग्रुप बी नावाच्या वर्गातल्या अतिवेगवान गाड्याच जागतिक रॅलीतून हद्दपार झाल्या. मार्शल हाकलतो तेव्हा वाद घालू नका. त्याला समोरचा रस्ता दिसतो, तुम्हाला फक्त चौकट दिसते.

१३. धुळीत कॅमेरा कसा वाचवू? आणि धुळीतून गाडी दिसतच नाही...

लेन्स घरून लावून निघा आणि मैदानात बदलू नका. दोन लेन्स हव्या असतील तर दुसरी बॉडी उसनी घ्या. पुढच्या काचेवर साधा यूव्ही फिल्टर असू द्या. सांध्यांवर पातळ प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधली की पुरे. बाहेर-आत सरकणारी झूम लेन्स धूळ ओढून घेते, म्हणून उगाच झूम करत बसू नका. साफ करताना क्रम महत्त्वाचा: आधी फुग्याची हवा, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. सरळ शर्टाने पुसलं की नाशिकची माती काचेवर पॉलिश पेपरचं काम करते. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते.

गाडी दिसण्यासाठी वाऱ्याची दिशा बघा. चिमूटभर माती सोडा, जिकडे उडते त्याच्या उलट बाजूला उभं राहा. रॅलीत वारा पडलेला असेल तर मागच्या नंबरच्या गाड्या आधीच्या धुळीतून येतात. तिथे फोकस धुळीवरच बसतो, ९ मधली मॅन्युअल युक्ती वापरा. सकाळच्या पहिल्या दहा गाड्या सगळ्यात स्वच्छ मिळतात.

१४. पावसाळ्यात, गोव्याच्या चिखलात काय वेगळं?

सगळ्यात मोठा शत्रू पाऊस नाही, एसी. हॉटेलच्या थंड खोलीतून कॅमेरा दमट हवेत आणला की काचेवर आणि आतही बाष्प धरतं. रात्री बॅग बंद करून एसी नसलेल्या जागी ठेवा, किंवा सकाळी बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर राहू द्या. लेन्स उघडी करून पुसत बसलात तर पाणी पुन्हा पुन्हा येतं.

गाडीच्या मागच्या चाकांच्या रेषेत उभं राहू नका, चिखलाबरोबर दगड येतात. विंचची दोरी ताणलेली असताना तिच्या दोन्ही बाजूंना दोरीच्या लांबीइतकं अंतर सोडा. ती तुटली तर चाबकासारखी येते. शटर १/५०० च्या वर ठेवलं तर चिखलाचे थेंब सुटे दिसतात. घरी आल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. कोकणात एक पावसाळा बॅगेत राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते.

१५. लांबून काढलेले फोटो पाण्यात पाहिल्यासारखे लडबडतात. फोकस चुकतोय?

ही तापलेल्या हवेची करामत. डांबर आणि धावपट्टी तापली की जमिनीलगतची हवा थरथरते, आणि ४०० च्या लेन्समधून १५० मीटरवरची गाडी वितळल्यासारखी दिसते. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगसारख्या ठिकाणी साडेदहा-अकरानंतर हा त्रास हमखास. सॉफ्टवेअरने हे दुरुस्त होत नाही. लांबचे फोटो सकाळी उरकायचे आणि दुपारी जवळून, छोट्या लेन्सने काढायचे.

१६. पांढरी गाडी करडी आणि काळी गाडी राखाडी येते.

कॅमेरा सगळ्याला मधला उजेड देऊ पाहतो, त्यात रॅलीच्या गाडीचे पेटलेले दिवे आणखी गोंधळ घालतात. उजेड स्थिर असेल तर मॅन्युअल एक्स्पोजर ठेवा: गाडी येण्याआधी समोरच्या मातीवर मोजून घ्या आणि मग पांढरी जिप्सी येवो की काळी पोलो, हात लावू नका. ढगांची ये-जा असेल तर ऑटो आयएसओ, आणि पांढऱ्या गाडीला दोन तृतीयांश स्टॉप वाढवा. काळ्या गाडीला तेवढाच कमी करा.

१७. मध्ये जाळी आहे. फोटो निघेल?

कोल्हापूरसारख्या कार्टिंग ट्रॅकवर हा प्रश्न पडतोच. जाळीचा सावलीतला भाग शोधा, परवानगी असेल तर लेन्स तारेला जवळजवळ टेकवा, ॲपर्चर पूर्ण उघडा. तार विरघळून जाते. उन्हात चमकणारी तार विरघळत नाही, फोटोवर पांढरा पडदा पसरवते. पॅन करताना जाळी अडचण कमी करते, पण फोकसची पकड सोडवते, म्हणून गाडी लांबवरच पकडा.

१८. पॅडॉकमध्ये कसं वागावं?

फेरी संपवून आलेल्या ड्रायव्हरला हेल्मेट काढू द्या. घामाचा पहिला चेहरा लांबच्या लेन्सने टिपा, तोंडाजवळ जाऊन नको. जॅकवरच्या गाडीच्या आणि पेट्रोल भरण्याच्या जागेत शिरू नका. मेकॅनिक हातात गरम टायर घेऊन वळतो तेव्हा त्याला तुम्ही दिसत नाही. गाडी तपासणीची आदली संध्याकाळ बहुतेक फोटोग्राफर सोडतात. तेव्हा उजेड तिरपा असतो, गाड्या धुतलेल्या असतात आणि माणसं बोलायच्या मनःस्थितीत असतात.

१९. फ्लॅश आणि ड्रोन चालतील का?

धावत्या गाडीवर फ्लॅश कधीच नाही. ड्रायव्हर एका क्षणासाठी आंधळा होतो.

ड्रोनला दोन परवानग्या बघाव्या लागतात, एक आयोजकांची, लेखी, आणि दुसरी आकाशाची. ड्रोन नियम २०२१ नुसार डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवा (परवानगी लागत नाही), पिवळा (लागते), लाल (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद) असे भाग दिलेले आहेत. पुण्यात लोहगाव, नाशिकला ओझर आणि देवळाली जवळ असल्याने नकाशा न पाहता उडवणं अंगाशी येतं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल भागात तोही चालत नाही. आणि तो गाड्यांच्या किंवा माणसांच्या डोक्यावर नेऊ नका.

२०. समोर अपघात झाला तर?

आधी बघा, मार्शलला दिसला आहे का. नसेल तर त्याला खूण करा. ट्रॅकवर धावू नका, मागची गाडी येत असते. ड्रायव्हर बाहेर येऊन अंगठा दाखवेपर्यंतचे फोटो कुठेही टाकू नका. त्याच्या घरच्यांना बातमी व्हॉट्सॲपवरच्या तुमच्या फोटोतून कळता कामा नये. काढलेले फोटो पुसूनही टाकू नका, स्टुअर्डना, म्हणजे स्पर्धेच्या पंचांना, चौकशीत उपयोगी पडतात.

२१. दोन हजार फोटो झाले. कुठली गाडी कुणाची, कसं शोधू?

सकाळी टायमिंगच्या टेबलावरच्या घड्याळाचा एक फोटो काढा. कॅमेऱ्याची वेळ आणि स्पर्धेची वेळ यांतला फरक त्यात कायमचा नोंदला जातो. रात्री निकालपत्रकातली सुटण्याची वेळ आणि फोटोची वेळ जुळवली की चिखलाने झाकलेला नंबरही ओळखू येतो. फाइलच्या नावात गाडीचा नंबर घाला. निवडताना आधी चाक पाहा, मग फोकस, मग पार्श्वभूमी. एका फेरीचे सात सारखे फोटो देण्यापेक्षा एक द्या. क्लबला ३०-४० फोटो त्याच रात्री मिळाले तर ते वापरले जातात, पंधरा दिवसांनी आलेले तीनशे कुणी उघडत नाही.

२२. नंबर प्लेट झाकायची का?

ऑटोक्रॉसला लोक रोजच्या वापरातल्या गाड्या आणतात. मालकाने सांगितलं तर झाका, लहान मुलांच्या चेहऱ्यांबाबत आई-वडिलांना विचारा. बाकी वेळी स्पर्धेचा नंबर दिसणं पुरेसं असल्याने प्लेट झाकून कुणाचं काही बिघडत नाही.

२३. क्लबने पैसे देऊन फोटो काढून घेतले. ते माझे की त्यांचे?

इथे बरेच जण फसतात. स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणजे काहीच न लिहिता पैसे घेतलेत तर उद्या तोच फोटो टायर कंपनीला विकायचा हक्क क्लबकडे, तुमच्याकडे नाही. म्हणून काम घेताना मेलमध्ये दोन ओळी लिहून होकार मागा: फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील, क्लबला आपल्या पोस्टर आणि सोशल मीडियासाठी वापरायची मुभा असेल, जाहिरातीसाठी किंवा तिसऱ्याला देण्यासाठी वेगळी परवानगी लागेल. होकार स्पर्धेच्या आधी मागा. नंतर मागितला तर सगळे ट्रॉफीच्या फोटोत गुंतलेले असतात.